घोट

बाबांशी बोलायचं तर त्यांच्या उजव्या बाजूला बसायचं,
हे आमच्या घरात चालायला शिकण्याआधी शिकतात.
डावा कान मोहटोल्याच्या तलावात राहिला,
तुडुमापाशी, नऊ हात खाली.

तेव्हा ते बावीस वर्षांचे.
धान पोटरीत, आणि तुडुमाची खुंटी फुगून बसलेली.
नाक तीन दिवस चोंदलेलं. तरी उतरले.
खाली कान दाबून आले तसं नाक धरून
सगळ्या छातीनिशी फुंकलं.
आधी बाभळीचा काटा, मग आत शिरलेलं गार पाणी,
मग सगळा तलाव जात्यासारखा फिरू लागला.
वर कुठे, खाली कुठे, कळेना.
तोंडातून सुटलेले बुडबुडे जिकडे गेले
तिकडे गेले, म्हणून मी आहे.
खुंटी निघाली होती. बांध्या प्यायल्या.
घरच्यांनी मायेनं लसणाचं गरम तेल ओतलं
फाटलेल्या पडद्यात,
आणि दिवाळीपर्यंत उशीला पिवळा डाग पडत राहिला.

मी नागपूरला शिकले, निळ्या फरशीच्या टाकीत,
पाठीवर सिलिंडर, अंगाला रबराचा वास.
कुजूर सर म्हणत, दुखायच्या आधी. दुखल्यावर नाही.
दर हातभर खाली गेलं की नाक चिमटीत धर
आणि चहावर घालतेस तेवढीच फुंकर.
कानामागून घशात उतरणारी एक वाट असते,
तणसाच्या काडीएवढी, एरवी मिटलेली.
घोट गिळला की उघडते.
रेटलंस की आणखी मिटते.

घोट म्हणताच मला बाबा दिसले,
तलावातला बांबू धरून उतरताना
दर पेराला थांबून गिळणारे.
लहानपणी वाटायचं, पाण्यातल्या देवाला काही म्हणत असतील.
मला शिकवतानाही तेवढंच सांगितलं होतं,
"तीन घोट, मंग उतर."
सगळं ठाऊक होतं त्यांना.
त्या एका दिवशी सोडून.

यंदा मार्गशीर्षात पंचायतीची मोटर
तराफ्यावरून घसरून तळाला गेली.
माझी सर्दी परवाच गेली होती, म्हणजे मला तसं वाटलं.
दोर गुणवंताच्या हातात. पारीवर निम्मं गाव.
उतरले. उजवा कान सुटला, टिक्,
उडदाची वाळली शेंग तडकावी तसा.
डावा गप्प.
हातभर वर आले. जबडा हलवला, गिळलं.
पुन्हा खाली. गप्प.
पुन्हा वर. मान उजवीकडे कलती करून, हळूच फुंकर.
आत कोणीतरी दाराला पाठ लावून बसलेलं.

तळ दिसत होता. मोटरही दिसत होती,
तिच्यावर एक मरळ स्थिर, मालकिणीसारखी.
जोर केला असता तर
कदाचित.

तळवा डोलवला, कानाकडे बोट केलं, आणि वर आले.

पारीवर कुजबुज व्हायला वेळ लागत नाही.
"एवढं सामान आणलन्, अन् पोरगी कमरभर पाण्यातून वापस!"
"सर्दी हाय म्हंते."
कोणी हसलं. गुणवंत दोर गुंडाळत राहिला,
गरजेपेक्षा जास्त वेळ.

बाबा पारीवर बसले होते, चांगला कान लोकांकडे करून.
म्हणजे सगळं ऐकलेलं.
उठले, दुपट्ट्याचं टोक माझ्या हातात दिलं.
"मुंडी कलती कर. आपोआप गरू दे. काडी नोको घालू."
मग लोकांकडे वळून, जरा मोठ्यानं,
स्वतःचा आवाज नीट न ऐकू येणारे बोलतात तसं,
"मोटर का कोठी पराते? आठ दिसानं काढन."

रात्री जेवायला बसलो, ते डावीकडे, मी उजवीकडे.
पेजेचा घोट गिळला
आणि डावा कान उघडला.
चुलीत काटकी तडकली ती आधी,
मग लांबचं कुत्रं,
मग बाबा. माझ्या डाव्या बाजूला
केव्हापासून, कोण जाणे,
तेच ते विचारत होते,
"सुटला का?"